बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि ख्रिस्ती संस्कार: मैदानावर मुलं नेमकं काय शिकतात?

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी चक्कर मारलीत, तर दोन खांबांना बांधलेली जाळी आणि व्हॉलीबॉल खेळणारी पोरं दिसतील. हा खेळ आपल्याकडे इतका रुळलाय, की तो एका ख्रिस्ती संस्थेत जन्मला हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. बास्केटबॉलचंही तेच. खेळातून तरुणांना वळण लावायचं, हे त्या संस्थेचं धोरण होतं. ते कसं, आणि आज आपल्या मुलांसाठी त्यातलं काय कामाचं आहे, ते पाहूया.

हे खेळ आले कुठून?

संस्थेचं नाव यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजेच वायएमसीए. ती १८४४ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि १८७५ मध्ये मुंबईत आली. शरीर, बुद्धी आणि आत्मा हे तिन्ही सोबत घडले पाहिजेत, असं ती मानते. तिचं त्रिकोणी चिन्ह त्यावरूनच आलं.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये, याच संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बास्केटबॉल तयार केला. १८९५ मध्ये विल्यम मॉर्गनने होलिओकच्या वायएमसीएत व्हॉलीबॉल आणला. भारतात हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं.

यात संस्कार कुठे आले?

नियमांत. नेस्मिथने धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं. त्याच्या मूळ १३ नियमांत ढकलणं, धरणं, पाय अडकवणं, मारणं यांना बंदी होती. दुसऱ्यांदा असं केलं, तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसायचं. मुद्दाम इजा केल्याचं दिसलं, तर पूर्ण सामन्यासाठी बाहेर, आणि बदली खेळाडूही नाही. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले, तर समोरच्या संघाला गोल. म्हणजे एकाच्या रागाची किंमत सगळ्यांनी मोजायची. ख्रिस्ती शिकवणीत ज्याला आत्मसंयम म्हणतात, तो इथे प्रवचनाशिवाय अंगवळणी पडतो.

व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस परत मिळाली की खेळाडू एकेक जागा पुढे सरकतात. कालचा स्मॅशर आज मागे उभा राहून चेंडू उचलतो. सेवा आणि नम्रता म्हणतात ती हीच.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडच्या एरिक लिडेलने १०० मीटरची शर्यत सोडली, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे प्रार्थनेच्या दिवशी होती. मग तो ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. पण पदकाची खात्री नसतानाही त्याने आधीचा निर्णय घेतला होता, हे मुलांना सांगायला हवं.

हे फक्त ख्रिस्ती धर्मातच आहे का?

नाही. बायबलमध्ये संत पौलाने श्रद्धा समजावताना धावण्याची शर्यत आणि मुष्टियुद्धाचे दाखले दिलेत. आपल्याकडे संत एकनाथ आणि संत तुकाराम यांनी फुगडी, हुतूतू यांसारख्या खेळांवर अभंग रचले. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाताना बेलवाडीत गोल रिंगण होतं, तेव्हा वारकरी आजही खेळतात. तिथे लहानथोर एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात, आणि हात सोडला तर दोघंही पडतात! खो-खोतही तेच. खो दिला की आपण बसायचं आणि पाठलाग दुसऱ्याच्या हाती सोपवायचा.

मग खेळलं की संस्कार आपोआप होतात?

इथेच बरेच पालक फसतात. ब्रेंडा ब्रेडेमायर आणि डेव्हिड शील्ड्स या अमेरिकी संशोधकांना १९८० च्या दशकात असं दिसलं, की रोजच्या आयुष्यात चूक-बरोबर नीट ओळखणारे खेळाडू मैदानावर मात्र स्वतःपुरताच विचार करतात. ‘खेळात एवढं चालतंच’ ही पळवाट तिथूनच सुरू होते. त्यामुळे प्रश्न मूल खेळतं का एवढाच नाही, ते कुणाच्या हाताखाली खेळतं हाही आहे.

पालकांनी काय बघावं?

• चेंडू हाताला लागून बाहेर गेला आणि पंचांना दिसलं नाही. मुलाने स्वतःहून कबूल केलं, तर प्रशिक्षक शाबासकी देतात की ओरडतात?
• कमी जमणाऱ्या मुलांनाही मैदानात उतरवतात का?
• हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायला लावतात का?
• आणि आपण स्वतः? बाउंड्रीबाहेरून पंचांना शिव्या देणारा बाप मुलाला तेच शिकवतो.

दहावी-बारावीचे क्रीडा गुण महत्त्वाचे आहेतच. पण मूल घरी आल्यावर ‘जिंकलास का?’ याआधी ‘आज कुणाला मदत केलीस?’ असं विचारून बघा.