खेळण्यांतील विमानाची वंशावळ

विमानविद्येच्या इतिहासांत १७ डिसेंबर १९०३ या दिवसाला मानाचें पान मिळालें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु राइट बंधूंच्या त्या दिवसापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें विमान हें बहुधा दोन हातांनीं उचलतां येईल एवढेंच होतें, ही गोष्ट इतिहासकार सहसा एका ओळींत आटोपतात. आज एखाद्या मैदानावर सकाळच्या निवांत वेळीं, थर्माकोलच्या जातीच्या फोमचें, दोनशें ग्रॅम वजनाचें विमान हातांतल्या बिनतारी पेटीवरून फिरविणारा कोणी दिसला, कीं पाहणारा म्हणतो, "मोठ्या विमानाची नक्कल चांगली साधली आहे!" खरें नातें उलट आहे. मोठें विमान हेंच या खेळण्याच्या कुळांत जन्मास आलें. आणि ज्या गुणाच्या बळावर तें जन्मलें तो गुण, म्हणजे हलकेपणा, या खेळण्यानें अद्यापि सांभाळला आहे. त्या हलकेपणाची किंमत काय, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या कुळाचा मूळपुरुष म्हणून यॉर्कशायरमधील जमीनदार सर जॉर्ज केली (१७७३–१८५७) याचें नांव घेतलें पाहिजे. त्याच्यापूर्वीं उडूं पाहणाऱ्यांचा गुरु म्हणजे पक्षी. पक्षी पंख हालवूनच वर राहतो आणि पुढेंहि जातो. म्हणून मनुष्यानेंहि पंख हालविले पाहिजेत अशी समजूत होती. केलीनें या दोन कामांची फारकत केली. वर राहण्याचें काम स्थिर पंखानें करावें आणि पुढें जाण्याचें काम निराळ्या साधनावर सोंपवावें, ही कल्पना त्यानें १७९९ मध्यें एका चांदीच्या चकतीवर कोरून ठेविली. १८०४ मध्यें त्यानें सुमारें पांच फूट लांबीच्या काठीला पतंगासारखा पंख बांधला, मागें हवें तसें वळवितां येणारें शेपूट लाविलें, आणि गुरुत्वमध्य बदलतां यावा म्हणून एक सरकतें वजन बसविलें. आजच्या फोमच्या विमानाचा कर्ता पहिल्या उड्डाणापूर्वीं बॅटरी मागेंपुढें सरकवून, पंखाच्या रुंदीच्या पुढल्या चतुर्थांशापाशीं तोल आणतो, तेव्हां तो केलीचेंच वजन सरकवीत असतो.

केलीच्या काठीला स्वतःची शक्ति नव्हती. ती दिली आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानें. त्याचा जन्म १८५० चा. कमरेच्या सांध्याच्या विकारामुळें आरमारांत जाण्याचा मार्ग त्याला बंद झाला होता. १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिसच्या त्युइलरी बागेंत त्यानें आपलें छोटें यंत्र सोडलें. त्या बागेला लागून असलेला राजवाडा त्याच वर्षाच्या मे महिन्यांत, कम्यूनच्या धामधुमींत, जळाला होता. असल्या उद्ध्वस्त शहरांत एकवीस वर्षांच्या मुलानें हातभर लांबीचें, अवघें सोळा ग्रॅम वजनाचें खेळणें हवेंत सोडावें, आणि जाणत्या मंडळींनीं तें पाहावयास जमावें, हा प्रसंग विलक्षणच म्हटला पाहिजे. पीळ दिलेलें रबर उलगडूं लागलें, शेपटाकडचा पंखा फिरूं लागला, आणि तें यंत्र अकरा सेकंदांत सुमारें चाळीस मीटर गेलें.

अंतर अल्प होतें. पण यंत्र डळमळलें नाहीं, यांतच सर्व कांहीं आलें. पेनोनें पंखांचीं टोकें किंचित् वर वळविलीं होतीं, त्यामुळें एका बाजूला कलंडलेलें यंत्र आपोआप सावरे. शेपटाचा आडवा पंख त्यानें मुख्य पंखाहून थोडा खालच्या कोनांत बसविला होता. नाक खालीं गेलें कीं वेग वाढे, वेग वाढला कीं हवा शेपूट खालीं दाबी, आणि नाक पुन्हां वर येई. वैमानिकाशिवाय विमान स्वतःचा तोल कसा राखील, या प्रश्नाचें उत्तर सोळा ग्रॅमांत मिळालें. पुढें १८७६ मध्यें त्यानें गोशो या सहकाऱ्याबरोबर मनुष्यवाहक विमानाच्या आराखड्याचें पेटंट घेतलें. परंतु तें बांधण्यास पैसा मिळाला नाहीं. खेळण्याचें कौतुक करणारे पुष्कळ निघाले, मोठ्या यंत्राला हात देणारा कोणी निघाला नाहीं. ऑक्टोबर १८८० मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षीं, पेनोनें आपल्या जीविताचा अंत केला.

येथून या वंशाच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा मोठें होण्याच्या मार्गास लागली. १८७८ मध्यें मिल्टन राइट नांवाच्या धर्मोपदेशकानें आपल्या मुलांसाठीं पेनोच्या धर्तीचें, रबरावर उडणारें खेळणें घरीं आणलें. विल्बर अकरा वर्षांचा होता, ऑर्व्हिल सात वर्षांचा. मुलांनीं तसलींच आणखी मोठीं खेळणीं करून पाहिलीं, तीं नीट उडेनात. लांबी दुप्पट केली तर शक्ति आठपट लागते, हा हिशेब त्यांना मोठेपणीं उमगला. पण त्या हिशेबाचा चटका बालपणींच बसला होता. याच्या उलट उदाहरण प्रोफेसर लँगले याचें. त्याचें बाष्पयंत्रावर चालणारें मनुष्यरहित विमान ६ मे १८९६ रोजीं पोटोमॅक नदीवर सुमारें एक किलोमीटर उडालें. तेंच वाढवून त्यानें मनुष्यवाहक विमान बांधलें, आणि १९०३ च्या ऑक्टोबरांत एकदां व डिसेंबरांत पुन्हां तें नदींत कोसळलें. दुसऱ्या अपघातानंतर नऊ दिवसांनीं राइट बंधु उडाले.

दुसरी शाखा लहानच राहिली, आणि आमच्या विषयाशीं तिचाच संबंध अधिक आहे. तिच्यापुढें प्रश्न होता तो हुकमतीचा. हातांतून सुटलेलें खेळणें वाऱ्याच्या स्वाधीन. त्याला परत कसें बोलवावें? निकोला टेस्ला यानें १८९८ मध्यें न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींवर चालणारी नौका दाखविली होती, परंतु पाण्याला वजनाची फिकीर नसते. हवेला असते. अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ मध्यें 'गफ' नांवाचें आठ फूट पंखविस्ताराचें विमान बिनतारी हुकमतीवर उडवून दाखविलें. तें आज स्मिथ्सोनियन संग्रहालयांत आहे. त्या पिढीच्या पुष्कळ विमानांत सुकाणू वळविण्यासाठीं पीळ दिलेल्या रबराची एक कळ असे: एक इशारा दिला कीं सुकाणू एकीकडे, दुसरा दिला कीं दुसरीकडे. पेनोचें रबर पंख्यावरून सुटलें तें सुकाणूशीं येऊन बसलें!

मात्र या विमानांत शून्यनळ्या, जड बॅटऱ्या आणि पेट्रोलचें इंजिन असे. तें ओझें वाहण्यासाठीं बाल्सा लाकडाच्या शेंकडों पट्ट्या जोडाव्या लागत, आणि कित्येक महिन्यांचें काम एका धडकेंत मातीस मिळे. हौशी माणसाचें मन तेथेंच मोडे. या अवस्थेंतून सुटका झाली ती दोन दिशांनीं. ३० जून १९५७ रोजीं इंग्लंडांत कर्नल टॅपलिन यानें 'रेडिओ क्वीन' हें विमान विजेच्या मोटरीवर उडविलें. त्यानंतर हलक्या लिथियम बॅटऱ्या सर्रास मिळूं लागण्यास सुमारें अर्धें शतक जावें लागलें. दुसरीकडे १९५० च्या सुमारास जर्मनींत फुगविलेलें पॉलिस्टायरीन तयार झालें, तेंच आपल्याकडील थर्माकोल. युरोपांत लाकडी फरशीखालीं अंथरण्यासाठीं त्याच द्रव्याच्या तीन व सहा मिलिमीटर जाडीच्या शीट निघाल्या. बाल्साच्या जवळजवळ चतुर्थांश घनतेचें हें द्रव्य हौशी लोकांच्या हातीं पडलें आणि विमान कापडासारखें बेतून कापतां येऊं लागलें. साध्या चटकन् चिकटणाऱ्या गोंदानें तें विरघळतें म्हणून गोंद निराळा लागतो, तें लवकर वांकतें म्हणून पंखांत कार्बनची बारीक काडी घालावी लागते, बिजागऱ्या चिकटपट्टीच्या. एका संध्याकाळीं सांगाडा उभा राहतो.

या हलकेपणाचा हिशेब वाचकांनीं एकदां करून पाहावा. ८० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद पंखाचें विमान २०० ग्रॅम वजनाचें असेल, तर तें सेकंदाला सुमारें चार मीटर, म्हणजे ताशीं चौदा-पंधरा किलोमीटर वेगावरहि हवेंत तरतें. हा सायकलस्वाराचा वेग झाला. त्याच पंखावर ८०० ग्रॅम लादले, तर वेग दुप्पट लागतो. आणि वजन चौपट, वेगाचा वर्ग चौपट, म्हणून धडकेचा जोर सोळापट होतो. वजन वाढलें चारपट, शिक्षा वाढली सोळापट! हलकें विमान पडतें, नाक चेपतें, पंख मोडतो. गोंद लावून दहा मिनिटांत तें पुन्हां उडतें. शिकाऊ माणसाला विचार करण्यास वेळ मिळतो आणि चुकीचें प्रायश्चित्त परवडतें.

या गुणाला किंमतहि द्यावी लागते. ताशीं पंधरा किलोमीटरचा वारा सुटला, तर तेवढ्याच वेगाचें विमान जागच्या जागीं थबकतें किंवा मागें वाहूं लागतें. म्हणून त्याचा काळ म्हणजे पहांटेचा किंवा संध्याकाळचा. शिवाय हें द्रव्य कुजत नाहीं. महाराष्ट्रांत २०१८ मध्यें थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली ती याच कारणानें. ज्याला विमान मोडण्याची मोकळीक हवी, त्यानें मैदानावरचे तुकडे वेंचून घरीं नेण्याची शिस्तहि पाळली पाहिजे.

विद्या वाढते ती चुकांतून, हें आपण सर्वच म्हणतों. पण ती चूक कोणास परवडते, हें आपण विचारीत नाहीं. लँगलेला सरकारचे पन्नास हजार डॉलर मिळाले आणि दोन अपघातांत त्याचा प्रयोग संपला. पेनोला मोठ्या यंत्रासाठीं एक चूक करण्याइतकाहि पैसा मिळाला नाहीं. राइट बंधूंनीं मात्र १९०१ मध्यें वाऱ्याच्या पेटींत कांहीं इंचांचे पत्र्याचे पंख एकामागून एक पारखले. तेथें चूक जवळजवळ फुकट होती. आज शाळेंतला एखादा मुलगा शेपटाचा कोन चुकवितो, विमान नाकावर आपटतें, आणि तो कोन बदलून तें पुन्हां सोडतो, तेव्हां पेनोनें १८७१ मध्यें सोडविलेला प्रश्न तो स्वतःच्या हातांनीं सोडवीत असतो. अशा खेळाला पोरखेळ म्हणण्यापूर्वीं या कुळाची वंशावळ आठवावी, एवढीच आमची विनंती आहे.