'स्टार वॉर्स'चा रद्द झालेला इतिहास

२५ मे १९८३ रोजी 'रिटर्न ऑफ द जेडाय' प्रदर्शित झाला आणि जॉर्ज लुकास यांची चित्रत्रयी पूर्ण झाली. मूळ गाथेचा पुढचा चित्रपट यायला १९९९ उजाडले आणि तोही पूर्वकथा सांगणारा निघाला. ल्यूक, लेया आणि हान यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर पुस्तकांनी दिले. १९९१ मध्ये टिमथी झान यांची 'एअर टू द एम्पायर' ही कादंबरी आली. शत्रूच्या कलाकृती अभ्यासून त्याची युद्धनीती ओळखणारा थ्रॉन हा निळ्या वर्णाचा सेनापती तिनेच घडवला. पाठोपाठ कादंबऱ्या आणि कॉमिक्सची रीघ लागली. त्यांत ल्यूकने मारा जेडशी विवाह केला, हान-लेयाला तीन मुले झाली. वाचकांच्या लेखी हाच खरा इतिहास होता.

३० ऑक्टोबर २०१२ रोजी डिस्नेने लुकासफिल्म विकत घेण्याची आणि सातव्या भागाची घोषणा केली. चाहते हरखले, पण मारा जेड आणि ती तीन मुले पडद्यावर येणार का, ही धास्तीही होती. एप्रिल २०१४ मध्ये निवाडा आला: हे सारे यापुढे 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. शेकडो पुस्तकांनी दिग्दर्शकाचे हात बांधू नयेत, हा युक्तिवाद रास्तच. मात्र दोन दशकांच्या वाचनाची ती बोळवण होती. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये हान-लेयाला एकच मुलगा आहे, आणि तोही वैरी.

थ्रॉन २०१६ मध्ये 'रेबेल्स' या ॲनिमेशन मालिकेतून अधिकृत कथेत परतला. मारा जेड बाहेरच राहिली.