बेरेनिकेचा जुना साग

तांबड्या समुद्राच्या काठी, इजिप्तच्या पार दक्षिण टोकाला, बेरेनिके नावाचं एक गाडलं गेलेलं बंदर आहे. १९९४ साली स्टीव्हन साइडबॉटम आणि विलेके वेंड्रिख यांनी तिथे खोदकाम सुरू केलं. पुढे वॉर्सा विद्यापीठाची पोलिश मंडळी त्यात आली. मधली काही वर्षं काम बंद होतं, पण आता तिथून दर एकदोन हंगामांनी काहीतरी बातमी येतेच. २०२३ मध्ये बुद्धमूर्तीची बातमी आली तेव्हा ओळखीच्या अनेकांनी मला ती पाठवली. माझं लक्ष त्याआधीच तिथल्या लाकडाकडे गेलेलं होतं. कल्याणात आमची लाकडाची वखार. लग्न होऊन आले, मामंजींच्या शेजारी गल्ल्यावर बसायला लागले, आणि जन्म सागवानात गेला. त्यामुळे आफ्रिकेच्या वाळवंटात साग सापडतो म्हटल्यावर मी तरी मूर्तीआधी त्याचीच चौकशी करणार.

आफ्रिकेत साग मुळात उगवत नाही. तो आपल्याकडचा, ब्रह्मदेशाचा, सयामचा. बेरेनिकेच्या आसपास बाभळीची खुरटी झाडं आणि किनाऱ्याला थोडी खारफुटी, एवढंच लाकूड. तरीही तिथे मिळालेल्या लाकडात साग भरपूर आहे. चौथ्या-पाचव्या शतकातल्या इमारतींच्या भिंती समुद्रातल्या जुन्या प्रवाळाच्या ढेकळांनी रचलेल्या आणि मधूनमधून आडव्या सागाच्या तुळया घातलेल्या. या तुळयांतल्या बऱ्याचशा आधी जहाजात होत्या. जहाज मोडीत काढलं, फळ्या सोडवल्या, त्या भिंतीत गेल्या.

यात मला नवल वाटत नाही. पुण्यात किंवा आमच्या कल्याणात वाडा पाडायला निघाला की वखारवाले आधी पोचतात. खांब, तुळया, कडीपाट, दरवाजांच्या चौकटी यांचा लिलाव होतो आणि शंभर वर्षांच्या तुळईला नव्या मालापेक्षा जास्त भाव मिळतो. नवा साग वाळताना फसवू शकतो. जुना काय वळायचा, चिरायचा तो चिरून झालेला असतो. खिळे उपटायचे, कुजलेली टोकं कापायची, एकदा रंधा मारायचा. आतून तोच तेलकट पिवळसर गाभा आणि तोच वास. सागाच्या अंगातलं तेल वाळवीला आणि पाण्याला दूर ठेवतं, लोखंडी खिळाही त्यात इतर लाकडांच्या मानाने कमी गंजतो. जहाजासाठी याहून चांगलं लाकूड नाही, हे पुढे इंग्रजांच्या आरमारालाही कळलं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागाची जहाजं त्यांनी याचसाठी घेतली. बेरेनिकेच्या माणसांना हे सतराशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं. त्यांनी एक फळी वाया जाऊ दिली नाही.

बंदर वसलं ते मात्र सागासाठी नाही की मिऱ्यासाठी नाही. ते वसलं हत्तींसाठी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात दुसऱ्या टॉलेमीने ते उभारलं आणि त्याला आपल्या आईचं नाव दिलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लढाईचे हत्ती पकडून आणायचे, इथे उतरवायचे आणि वाळवंटातून नाईलकडे हाकायचे, ही कल्पना. रोमनांनी इजिप्त घेतल्यावर हत्ती मागे पडले आणि भारताचा व्यापार पुढे आला. अलेक्झांड्रियाहून माल नाईलमधून कॉप्टॉसपर्यंत यायचा, तिथून उंटावर बारा दिवस वाळवंट. वाटेत विहिरी आणि पहाऱ्याची ठाणी. जुलैच्या सुमारास जहाजं सुटायची, नैर्ऋत्येचे वारे धरून सप्टेंबरात आपल्या किनाऱ्याला लागायची आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्यावर परत. आलेल्या मालावर रोमचं सरकार चौथा हिस्सा जकात घ्यायचं. २५ टक्के! जीएसटीवर कुरकुरणाऱ्या माझ्या व्यापारी भावंडांना मी हा आकडा मुद्दाम ऐकवते.

मिऱ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगते. बेरेनिकेच्या सेरापिस देवळाच्या आवारात जमिनीत पुरलेला एक भारतीय घडणीचा रांजण सापडला, त्यात ७.५५ किलो काळी मिरी. काळ इसवी सनाचं पहिलं शतक. त्याच शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने काळ्या मिरीचा भाव रोमन पौंडाला चार दिनार असा दिला आहे. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा, म्हणजे त्या रांजणात ९० दिनारांहून थोडा जास्तच माल. रोमन शिपायाला तेव्हा वर्षाला २२५ दिनार मिळायचे. पाचेक महिन्यांचा पगार देवळाच्या अंगणात पडून राहिला. ही मिरी मलबारची, आपल्याकडची नव्हे. मराठी लेखांत कधीकधी तिलाही सातवाहनांच्या खात्यात टाकतात, ते बरोबर नाही.

याच प्लिनीने कुरकुर करून ठेवली आहे की भारत दरसाल रोमकडून पाच कोटी सेस्टर्सेस ओढून घेतो. हे वाक्य आपल्याकडच्या भाषणांत फार लाडकं. सोन्याचा धूर निघत होता, रोमन येत होते, आपण किनाऱ्यावर बसून सोनं मोजत होतो. मला हे चित्र पटत नाही. गल्ल्यावर बसून राहणाऱ्याकडे गिऱ्हाईक आपणहून येतं, असं आमच्या धंद्यात तरी कधी झालेलं नाही. मामंजी बल्लारशाला, दांडेलीला स्वतः जायचे, डेपोत ओंडक्यावर हात फिरवून बोली लावायचे. तेव्हाचे व्यापारीही नुसते वाट बघत बसले असतील, हे मला खरं वाटत नव्हतं. बेरेनिकेच्या मातीतून निघालेल्या वस्तू माझ्या बाजूने बोलतात.

पहिली साक्ष शिडांची. तिथे सुती शिडांचे तुकडे मिळाले, वर मजबुतीसाठी शिवलेल्या पट्ट्यांसकट. इजिप्तमध्ये सूत एका बाजूला पिळायची रीत, भारतात उलट बाजूला. या शिडांचं सूत भारतीय पिळाचं आहे. म्हणजे लाकूड इकडचं, शीड इकडचं. बेरेनिकेच्या उत्तरेला मायोस हॉर्मोस नावाचं दुसरं बंदर होतं, आजचं कुसैर. तिथे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात लिहिलेलं एक खापर मिळालं. शिध्याची यादी आहे ती, आणि हालक, विण्हुदत, नकद अशी माणसांची नावं. विण्हुदत म्हणजे विष्णुदत्त. असली नावं आपल्या लेण्यांच्या भिंतींवर किती वाचायला मिळतात! कुणीतरी शिधा मोजून देत होता आणि फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर टिपून ठेवत होता. बेरेनिकेतही तमिळ-ब्राह्मीत एका माणसाचं नाव कोरलेलं खापर आहे. राजांची नाणी सापडली की आपण राजांबद्दल लिहितो. शिध्याच्या यादीत मात्र खलाशी आणि व्यापारी सापडतात.

माकडंही गेली होती. शहराबाहेर पाळीव जनावरांचं एक दफनस्थान आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. मांजरं शेकड्यांनी, थोडी कुत्री, आणि त्यांच्यात भारतातून नेलेली माकडं, नीट पुरलेली. शिपायांच्या अधिकाऱ्यांना शौक असणार. जहाजावर महिनोन्‌महिने माकड सांभाळणाऱ्या खलाशाचं काय झालं असेल, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता ती मूर्ती. जानेवारी २०२२ मध्ये इसिस देवीच्या मंदिराच्या पुढच्या आवारात ती मिळाली. उंची ७१ सेंटिमीटर, डोक्यामागे सूर्यकिरणांसारखी प्रभावळ, बाजूला कमळ; उजवा भाग तुटलेला. अफगाणिस्तानच्या पश्चिमेला सापडलेली ही पहिली बुद्धमूर्ती असं सांगितलं गेलं. मला त्याहून मोलाची वाटते ती दगडाची गोष्ट. संगमरवर इस्तंबूलच्या बाजूचा दिसतो आणि घडण बहुधा बेरेनिकेतच झालेली. म्हणजे ती कुणी पेटीत घालून इकडून नेली नाही. तिथे राहणाऱ्याने तिथल्या कारागिराकडून करवून घेतली. पैसे तिथे कमावले, तिथेच खर्चले.

त्याच मंदिरात एक लेख आहे, ग्रीक आणि संस्कृत दोन्ही भाषांत. फिलिप राजाच्या सहाव्या वर्षी वासुल नावाच्या क्षत्रियाने दान दिलं, असं त्यात म्हटलं आहे. हा फिलिप म्हणजे रोमचा सम्राट फिलिप अरब, राज्यकाळ २४४ ते २४९. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा लेख आहे, त्यातही काळ मोजायची रीत हीच: जिथे राहायचं तिथल्या राजाचं वर्ष घालायचं. वासुलाने ती मोडली नाही, फक्त राजा बदलला. परक्या देवीच्या आवारात दान देण्यातही त्याला अडचण वाटलेली दिसत नाही. इकडे कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाच्या यवनांनी खांब दिले आहेत, ते आपण शाळेत शिकतो आणि परदेशी लोक आपल्या धर्माकडे कसे वळले याचा अभिमान बाळगतो. वासुल इसिसच्या देवळात उभा राहिला की तोच नियम आपल्यालाही लावावा लागतो. दोन्हीकडचे बहुधा व्यापारीच होते. ज्या गावात धंदा, त्या गावच्या देवळाला वर्गणी.

तिथेच सातवाहनांची दुसऱ्या शतकातली दोन नाणीही मिळाली. त्यावरून कल्याणकडे येते, कारण आमच्या गावाची त्या काळातली हकिकत जरा कडू आहे. पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहिली, 'पेरिप्लस' नावाने ती प्रसिद्ध आहे. पैठणहून गोमेद, तेरहून साधं आणि तलम कापड गाड्यांवर लादून भरुचला जातं, भरुचहून मोठी जहाजं तांबं, इमारती लाकूड, शिसवाचे ओंडके भरून इराणच्या आखाताकडे निघतात, असं तो सांगतो. आणि कल्याणबद्दल? थोरल्या सारगनाच्या, बहुधा एका सातवाहन राजाच्या, काळात ही कायदेशीर पेठ होती. आता कारभार दुसऱ्याच्या हाती गेल्यावर बंदर अडवलं आहे, चुकून एखादं ग्रीक जहाज आलं तर पहारा बसवून ते भरुचला नेतात. नाकाबंदी म्हणतात ती हीच. भरुचकडे क्षहरात क्षत्रप, घाटावर सातवाहन, मधे आमचा किनारा.

या भांडणाचा निकाल नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेल्या घबाडात दिसतो. क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. चांदी तीच, मालक नवा. त्यानंतर कल्याणचं नाव पुन्हा दिसू लागतं ते कान्हेरीत: कल्याणच्या सामिदत सोनाराने पाण्याचं टाकं दिलं, कल्याणच्या नंद लोहारानेही दान दिलं. सोनाराकडे टाकं खोदून द्यायला पैसा होता, म्हणजे उल्हासच्या खाडीत जहाजं परत येऊ लागली होती असं मी समजते. इतिहासकार याहून जपून बोलतील.

आमच्या व्यवसायातल्या माणसाला कान्हेरीपेक्षा कार्लं जवळचं. तिथल्या चैत्याच्या कमानदार छताला सागाच्या फासळ्या आहेत, बहुतांश मूळच्याच, आणि स्तूपावर लाकडी छत्र. दगड कोरताना लाकडी इमारतीची नक्कल केली, आणि जिथे खरं लाकूड लावता आलं तिथे लावलं. शेजारच्या भाज्याच्या तुळयांवर तर ब्राह्मीत कोरलेली अक्षरंही मिळाली आहेत. कार्ल्याच्या दर्शनी भागावर एक लेख आहे: धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केलं. राजे, शेठ आणि यवन यांच्या रांगेत एका सुताराने स्वतःचं आणि बापाचं नाव कोरून ठेवलं.

बेरेनिकेच्या लाकडाची जात, वय, कोणत्या भिंतीतून निघालं, हे सगळं तिथले अभ्यासक काटेकोर नोंदवतात. माझं एक मागणं आहे. त्या तुळयांवरच्या खाचा आणि कार्ल्याच्या फासळ्यांचे सांधे यांचे जवळून काढलेले फोटो शेजारी शेजारी मांडून चांगल्या जुन्या सुताराला दाखवावेत. पटाशी कुठून फिरली, वाकस कोणत्या अंगाने चालवली, घाव उजव्या हाताचे की डाव्या, हे तो बघताक्षणी सांगतो. आमच्या वखारीतले मिस्त्री जुनी चौकट हातात घेऊन ती कोकणातल्या सुताराची की घाटावरच्या, हे सांगायचे, आणि मी त्यांच्या शब्दावर माल घेत असे.