माथेरान : ट्रेल रनिंगच्या वाटा

माथेरान : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील गिरिस्थान. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८०० मी. मध्य रेल्वेच्या मुंबई–कर्जत मार्गावरील नेरळ हे पायथ्याचे स्थानक. थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची माहिती कुठेही मिळते. इथे विचार केला आहे तो डोंगरवाटांवर धावणाऱ्यांच्या सोयीने. त्यांच्या दृष्टीने या डोंगरावर दोन जातींच्या वाटा आहेत. माथ्यावरच्या वाटा साहेबाच्या घोड्यासाठी आणि संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी आखलेल्या. कड्यांवरून चढणाऱ्या वाटा डोक्यावर ओझे घेऊन बाजाराला येणाऱ्या वाडीकरांनी पाडलेल्या. पहिल्या चढ टाळत, वळणे घेत जातात. दुसऱ्या आढेवेढे न घेता वर निघतात. एकीवर सहज तास-दीड तास पळणाऱ्याची दुसरीवर दहा मिनिटांत चाल होते.

सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून हा डोंगर सुटा आहे. मलंगगड, चंदेरी, नाखिंद, पेब अशी जी रांग येते तिच्यातच तो बसतो. पश्चिमेला प्रबळगड आणि दक्षिणेला इर्शाळगड हे त्याचे शेजारी. खालचा सगळा डोंगर काळ्या कातळाचा, वर जांभ्याची टोपी. माथ्यावरची लाल माती याच जांभ्याची. उन्हाळ्यात ती पिठासारखी बारीक होते आणि घोट्यापर्यंत चढते, पावसाळ्यात बुटाच्या तळाला थर धरते, आणि दिवाळीच्या आगेमागे, ओल टिकून असताना, धावायला तिच्यासारखी जमीन नाही. पण तिच्यात एक खोड आहे. पाऊस आणि टापा मिळून माती वाहून नेतात आणि जांभळी-अंजनीची मुळे उघडी पडतात; मनगटाएवढी जाड, टापांनी घासून गुळगुळीत झालेली, वाटेला आडवी. लाल धूळ बसल्यामुळे ती मातीच्याच रंगाची दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात झाडांच्या सावल्याही आडव्याच पडतात, आणि यातले मूळ कोणते, सावली कोणती, हे पाय टाकल्यावरच कळते. कड्याच्या वाटेवर माणूस आपोआप जपून असतो. ठेच लागते ती या सपाटीवर, गप्पा मारत पळताना.

माथ्यावरच्या वाटांचा इतिहास मे १८५० पासून सांगतात. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकजवळ तळ देऊन होता. वन ट्री हिलच्या खालच्या घळीतून तो वर चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. पुढे त्याने वर बंगला बांधला. १८५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, आणि मग बंगले, बागा, घोड्याचे रस्ते असे गाव वसत गेले. मॅलेटने माथेरान ‘शोधले’ असे लिहिण्याची पद्धत आहे. ज्या घळीतून तो वर आला तिथे वाट होती, हे मात्र त्याच हकिकतीवरून उघड आहे. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळपासून सुमारे २० किमी. लांबीचा, दोन फूट रुंदीचा लोहमार्ग बांधला. मोटारीला मात्र इथे येऊच दिले नाही. खासगी वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि तिथून बाजारपेठ जवळजवळ तीन किमी. आहे. बाकी डोंगरांवर डांबर पोहोचले तसा धावणारा कडेला गेला. इथे रस्त्याचा मधला भाग त्याच्याच वाट्याला राहिला.

माथ्यावरची फेरी : हा सगळ्यांत जास्त पळला जाणारा मार्ग. त्याची ठरावीक लांबी सांगणे अवघड, कारण माथा सलग नाही; मधल्या भागातून चहूकडे सोंडा सुटल्या आहेत आणि प्रत्येक सोंडेच्या टोकाला एक पॉइंट. टोकापर्यंत जाऊन परतायचे की मधल्या आडवाटेने पुढच्या सोंडेवर जायचे, यावर दोनचार किलोमीटरचा फरक सहज पडतो. एकूण पॉइंट तीसच्या वर आहेत. ते सगळे एका दमात करण्याचा हट्ट काही जण धरतात. त्यात धावणे कमी आणि पाट्या शोधणे जास्त.

उत्तरेकडे पॅनोरमा पॉइंटची वाट या फेरीत वेगळी काढून सांगण्याजोगी आहे. ती एकाच सोंडेच्या कडेने लांबवर जाते, मधे गावाचा संबंध राहत नाही, झाडी दाट, आणि टोकाला पोहोचल्यावर एका बाजूला नेरळचे खोरे, दुसऱ्या बाजूला पेबचा किल्ला आणि त्यामागची रांग. चढउतार आहेत, पण असे की वेग मोडत नाही. नवख्याने माथेरानात पहिली धाव इथेच घ्यावी. पश्चिमेकडची ओळ वर्दळीची : शार्लट तलाव, काठचे पिसारनाथाचे देऊळ, मग एको आणि लुईझा पॉइंट. लुईझावरून प्रबळगड समोर दिसतो; कडा तुटलेला आहे आणि तिथे फोटोसाठी गर्दी असते, तेव्हा वेगात वळण घेण्याची ही जागा नव्हे. पूर्वेला अलेक्झांडर, रामबाग. दक्षिणेला लिटल चौक, बिग चौक आणि वन ट्री हिल. दुपारी जास्त सावली मिळते ती याच बाजूंना.

सावली हा माथेरानचा मोठा गुण. पुण्याकडच्या सिंहगड–राजगड–तोरणा या मार्गावर होणाऱ्या एसआरटी अल्ट्रासारख्या शर्यतींत उघड्या धारेवरून तासन्‌तास उन्हात जावे लागते. इथे जांभूळ, हिरडा, अंजनी यांचे निमसदाहरित रान माथाभर आहे आणि डोक्यावर पानांचे छत बहुतेक ठिकाणी तुटत नाही. शेकरू दिसते, वानरे आणि माकडे दिसतातच. भेकर दिसण्याऐवजी ऐकू येते. माकडांची एक सूचना करायला हवी. हातात खाण्याची पुडी धरून पळणाऱ्याला ती पर्यटकच समजतात. खाऊ पाठीवरच्या पिशवीत, चेन लावून.

घोडे : चारशेहून अधिक परवानाधारक घोडे इथे आहेत. सकाळी घोडेवाले गिऱ्हाइकासाठी दस्तुरीकडे निघतात आणि नेमकी तीच धावणाऱ्यांची वेळ. मागून पळत येणारी पावले घोड्याला आवडत नाहीत. त्यामुळे दहापंधरा पावले आधीच चालायला लागावे, “मामा, बाजूने येतोय” असा आवाज द्यावा, दरीच्या नव्हे तर डोंगराच्या बाजूने पुढे जावे, आणि घोडा मागे पडल्यावरच पुन्हा पळावे. घोडेवाला मान डोलावतो, लगाम आखडून घेतो, एवढ्यावर भागते. लीद वाटेत असणारच. कोरड्या दिवसांत ती धुळीत मिसळून नाकात जाते. ज्यांना हे खपत नाही त्यांनी सहाच्या आत पॅनोरमाची वाट धरावी.

घाटवाटा : खालच्या वाड्यांतले ठाकर, कातकरी आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या भाजी, दूध, मोळ्या, हंगामात जांभळे-करवंदे घेऊन वर येत आले. वाट कुठे पाण्याशी थांबते, कुठे दगडाचा ओटा येतो, हे त्यांच्या ओझ्याने ठरवले आहे. या वाटांवर धावायचे म्हणजे चढताना बहुधा हात मांड्यांवर टेकून चालायचे आणि उतरताना छोटी पावले टाकत पळायचे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जगभरचे डोंगरधावक हेच करतात.

यांतली सर्वांत पळण्याजोगी वाट गार्बेटची. भिवपुरी रोड स्थानकात उतरून पाली-भूतिवली धरणाच्या बाजूने सागाच्या वाडीकडे जायचे, तिथून गार्बेटच्या पठारावर, आणि पठारावरून माथ्याच्या गार्बेट पॉइंटला. चढ दोन टप्प्यांत येतो आणि मधले पठार मोकळे, गवताळ आहे. पावसाळ्यानंतर इथे पाय खरोखर सुटतात. लोकलने येऊन लोकलने जाता येते ही सोय निराळीच. पठारावर मात्र गुरांच्या ढोरवाटा इतक्या आहेत की धुक्यात चुकामूक होते. वाडीत एकदा विचारून घेतलेले बरे.

वन ट्री हिलची वाट, जिला शिवाजीची शिडी म्हणतात, ती दक्षिणेकडून चौकच्या अंगाच्या आंबेवाडीवरून येते. शेवटचा टप्पा घळीतून, दगडांवरून, अगदी छातीवर येणारा. शेजारची रामबागेची वाट तिच्यामानाने सौम्य. म्हणून जाणते लोक वन ट्री हिलने चढतात आणि रामबागेने उतरतात, म्हणजे मॅलेटने केले तेच. उलट केल्यास उतरताना गुडघ्यांना त्रास आणि घसाऱ्यावर पाय न ठरण्याचा धोका. पश्चिमेला पनवेलच्या बाजूच्या धोदाणी गावातून सनसेट पॉइंटला वाट येते. गाढेश्वर धरणाचे पाणी या बाजूला दिसत राहते. ही वाट मळलेली, पण उन्हाची. दुपारनंतर सगळी भिंत तापते.

नेरळहून येणारा गाडीरस्ता आठएक किमी. आणि चढ सातशे मीटरच्या वर. तो डांबरी आहे, टॅक्सी धावतात, वळणे आंधळी आहेत. सरावाला त्याचा उपयोग होतो, आनंदाला नाही. छोट्या गाडीच्या रुळांवरून पळणे अनेकांना मोहात पाडते, कारण चढ एकसारखा आणि दरीचे दृश्य सतत. पण तो चालता लोहमार्ग आहे आणि स्लीपरांचे अंतर कोणत्याच पावलाला जुळत नाही. रुळांच्या बाजूने कड्यावरच्या गणपतीकडे आणि तिथून पेबकडे जाणाऱ्या धारेवर लोखंडी शिड्या आहेत. तिथे धावण्याचा प्रश्नच संपतो.

ऋतू : ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चपासून घाटवाटांवर पहाटे पाच ते नऊ एवढाच वेळ हाती राहतो आणि वाड्यांखेरीज पाणी मिळत नाही. पावसाळ्यातले माथेरान पळायला सुंदर असते हे नाकारता येणार नाही. त्या दिवसांत नेरळची गाडी बंद असते, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासूनची फेरी तेवढी चालू राहते, आणि माथ्यावर धुके इतके उतरते की पुढच्याचा टी-शर्ट हाच मार्गदर्शक. माथ्यावरची फेरी अशा दिवसांत करता येते, कड्याकडची टोके वगळून. घाटवाटा करू नयेत. २६ जुलै २००५ च्या पावसाने लोहमार्ग जागोजागी वाहून गेला आणि तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. धबधब्यांवर आणि घाटवाटांवर प्रशासन बंदी घालते तेव्हा ती मोडण्यात मर्दुमकी नाही.

नियम आणि सद्यःस्थिती : केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवायला परवानगी दिली. ऑगस्ट २०२५ मधील निकालात, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे आदेश दिले. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा इतकी वर्षे टिकली हेच लाजिरवाणे होते. धावणाऱ्यांशी थेट संबंध आहे तो त्याच निकालातल्या फरसबंदीच्या भागाचा : दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवता येतील, खाली काँक्रीट न ओतता, आतल्या रस्त्यांवर ते बसवायचे नाहीत. मुख्य रस्त्यावरचे ब्लॉक धूळ आणि मातीची धूप कमी करतात हे खरे, पण पावसात त्यांवर शेवाळ धरते आणि घोड्याची नाल घसरते तसाच रबरी तळही घसरतो. सध्या दस्तुरीकडून येणारा शहाणा धावक सुरुवातीचा हा पट्टा चालतच काटतो आणि मातीची वाट सुरू झाली की पळायला लागतो. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरावा लागतो. घाटवाटेने वर आलेल्यांनी परतीची लोकल गाठायची असेल तर उतरणीला चढणीइतकाच वेळ धरावा.