खडकावरचं चौथं नाव

चित्र बघताना मी आधी खालचे कोपरे बघते. जुनी खोड आहे. मधला माणूस बघायला सगळेच असतात, पण चित्रकाराला जे तोंडावर बोलायचं नसतं ते तो बरेचदा पायाशी कुठेतरी ठेवून देतो. आज ज्या चित्राबद्दल लिहायचंय, त्यात तर ते चक्क अक्षरांत कोरून ठेवलंय.

चित्राचं नाव 'नेपोलियन लीडिंग द आर्मी ओव्हर द आल्प्स'. चित्रकार केहिंदे वायली, साल २००५. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमच्या संग्रहात आहे आणि काही वर्षांपूर्वी भाच्यानं मला ते तिथे दाखवलं. साधारण नऊ फूट बाय नऊ फूट, म्हणजे चाळीतल्या खोलीची एक आख्खी भिंत. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला पांढरा घोडा, वाऱ्यावर उडणारा सोनेरी झगा, वर उचललेला उजवा हात. इथपर्यंत सगळं शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातल्या नेपोलियनसारखं. पण घोड्यावर बसलाय एक काळा तरुण. अंगात लष्करी छापाचे कपडे, पायात टिंबरलँडचे बूट, डोक्याला रुमाल, मनगटावर खेळाडू घालतात तसा पट्टा. आणि तो आपल्याकडे असा बघतो, की आपणच उशिरा आलोय.

आता मूळ चित्र. जाक-लुई दाविदनं १८०१ ते १८०५ या काळात या चित्राच्या एकूण पाच आवृत्त्या केल्या. पहिली स्पेनच्या राजाच्या, चौथ्या कार्लोसच्या मागणीवरून. नेपोलियननं मे १८०० मध्ये सेंट बर्नार्डची खिंड ओलांडून इटलीत सैन्य उतरवलं, जूनमध्ये मारेंगोची लढाई जिंकली, त्याचं हे स्मारक. गंमत म्हणजे साहेब चित्रासाठी बसायला तयार नव्हते. थोरांची चित्रं हुबेहूब आहेत का हे कुणी विचारत नसतं, त्यात त्यांचं तेज दिसलं की झालं, अशा अर्थाचं तो बोलल्याचं दाविदच्या एका शिष्यानं लिहून ठेवलंय. मग दाविदनं त्याचे मारेंगोचे कपडे मागवले आणि आपल्या मुलाला शिडीवर चढवून पोझ घ्यायला लावली, असं सांगतात.

आणि घोडा? घोडा नव्हताच. नेपोलियन ती खिंड खेचरावर बसून गेला, पुढे एक स्थानिक वाटाड्या, तेही बरंचसं सैन्य पार झाल्यावर, बऱ्यापैकी चांगल्या हवेत. पुढे पॉल दलारोशनं १८५० च्या सुमारास ते खेचर रंगवलं, थकलेला, थंडीनं आखडलेला नेपोलियन त्यावर बसलेला. खरं ते. पण दलारोशचा नेपोलियन किती जणांना आठवतो? खेचरावरचा माणूस लक्षात राहत नाही. दाविदला हे पक्कं ठाऊक होतं.

तर त्या चित्राचा खालचा डावा कोपरा. घोड्याच्या टापांखाली खडक आहेत आणि त्यांवर तीन नावं कोरलीयत. बोनापार्त, हॅनिबल, कॅरोलस मॅग्नस. म्हणजे आल्प्स ओलांडणारे तीन सेनापती. हॅनिबल इसवी सन पूर्व २१८ मध्ये हत्ती घेऊन गेला, शार्लमेन आठव्या शतकात गेला, आणि आता हा. पहिल्या दोघांची नावं जुनी, झिजलेली, तिसरं ताजं. या तिघांतला हॅनिबल कार्थेजचा, आजच्या ट्युनिशियातला. आल्प्स ओलांडणाऱ्यांच्या या यादीत आफ्रिकेतून आलेला माणूस दाविदच्याही चित्रात होताच की. वायलीला तो बाहेरून आणावा लागला नाही.

मी या कोपऱ्यात इतकी का अडकले, तर तारखांमुळे. ४ फेब्रुवारी १७९४ ला फ्रान्सच्या क्रांतिकारी कन्व्हेन्शननं आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली. त्या कन्व्हेन्शनचा दाविद स्वतः सदस्य होता. आणि मे १८०२ मध्ये, म्हणजे त्याच्या स्टुडिओत याच चित्राच्या आवृत्त्यांचं काम चालू असताना, नेपोलियननं कायदा करून ती परत आणली. कॅरिबियनमधल्या सँ-दोमिंग या वसाहतीत, आजच्या हैतीत, तूसाँ लूव्हेर्त्यूर हा एकेकाळचा गुलाम सेनापती झाला होता. तोही जबरदस्त घोडेस्वार. त्याला १८०२ च्या जूनमध्ये दग्यानं पकडलं, जहाजात घालून फ्रान्सला आणलं आणि ज्यूरा डोंगरातल्या फोर्ट द जू नावाच्या थंडगार किल्ल्यात डांबलं. ७ एप्रिल १८०३ ला तो तिथेच गेला. आल्प्सच्या शेजारचेच डोंगर ते. एक सेनापती पर्वत ओलांडून अमर होत होता आणि दुसरा जवळच्याच पर्वतात थंडीनं झिजत होता, दोन-तीन वर्षांच्या अंतरानं. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं, पण ते बघायला तूसाँ नव्हता.

वायलीच्या चित्रात तूसाँचं नाव कुठेही नाही. मला मात्र ते चित्र आता त्याला बाजूला ठेवून बघता येत नाही.

वायली १९७७ चा, लॉस एंजेलिसचा. लहानपणी आईनं चित्रकलेच्या वर्गाला घातलं, तिथल्या हंटिंग्टन संग्रहालयात त्यानं जुन्या इंग्रज सरदारांची रेशमी कपड्यातली पोर्ट्रेट पाहिली. पुढे येलमधून शिकून तो न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये आला. तिथे त्याला रस्त्यावर पडलेला एक कागद सापडला, पोलिसांच्या 'पाहिजे' पत्रकाचा. त्यावर एका काळ्या तरुणाचा फोटो. त्याला वाटलं, हेही पोर्ट्रेटच आहे. फक्त इथे पोझ बसणाऱ्यानं निवडलेली नाही. मला त्याच्या सगळ्या मुलाखतींमधली ही एकच गोष्ट पुरेशी वाटते. बाकीचं त्यानं रंगवून दाखवलंय. रस्त्यावर भेटलेल्या अनोळखी मुलांना थांबवायचं, स्टुडिओत बोलवायचं आणि जुन्या उस्तादांच्या चित्रांमधल्या पोझेस त्यांना द्यायच्या. कपडे मात्र त्यांचे स्वतःचे. (अनेकांना ओबामांचं २०१८ चं, पानाफुलांत खुर्ची मांडून बसलेलं पोर्ट्रेट आठवत असेल. तेही याचंच. तिथली शेवंती शिकागोची, जाई हवाईची आणि निळी लिली केनियाची. प्रतीकं लपवायची त्याला फारशी हौस नाही.)

तर या चित्रात खडकावर तिनाऐवजी चार नावं आहेत. चौथं आहे विल्यम्स. घोड्यावर बसलेल्या मुलाचं आडनाव.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा छान वाटलं. बघा, साध्या पोराचं नाव हॅनिबलच्या रांगेत! दुसऱ्या दिवशी ते तितकंसं छान वाटेना. आडनावावरून गाव, जात, कूळ सगळं काढणारी आपण माणसं, त्यामुळे आडनाव दिसलं की माझं डोकं तिकडे पळतंच. विल्यम्स हे मूळचं इंग्लंड-वेल्सकडचं आडनाव. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत ते लावणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक काळे होते. गुलामांच्या पुढच्या पिढ्यांकडे अशी बरीच आडनावं मालकांकडून आली, काही स्वातंत्र्यानंतर स्वतः निवडून घेतलेली. माल्कम एक्सनं 'लिटल' टाकून 'एक्स' लावलं ते याच रागातून. म्हणजे घोडा दाविदचा, झगा नेपोलियनचा, आणि खडकावरचं नावसुद्धा कदाचित कुणा तिसऱ्याचं. मुलाचं स्वतःचं काय? बूट आणि नजर. वायलीनं इथे मुलाचं पहिलं नाव कोरलं असतं तर चित्र जास्त गोड झालं असतं. नाही कोरलं हेच बरं केलं असं माझं मत आहे.

आणखी एक. दाविदच्या चित्रात मागे, घोड्याच्या पोटाखालून, तोफा ओढत चढणारे सैनिक दिसतात. वायलीनं ते सगळे पुसून टाकलेत. डोंगरही नाहीत. त्या जागी लाल-सोनेरी वेलबुट्टी, एखाद्या भारी शालूचा पदर पसरल्यासारखी. (त्या वेलबुट्टीत जवळून पाहिलं तर पांढरे शुक्रजंतू पोहताना दिसतात. मामांनो, वाचलं नाही असं समजा. घोड्यावरच्या मर्दुमकीची चेष्टा आहे ती.) चित्राचं नाव 'सैन्याचं नेतृत्व करताना', आणि मागे सैन्यच नाही. इराकचं युद्ध चालू असतानाची ही मालिका, लष्करी छापाचे कपडे त्यातूनच आलेले असणार. प्रत्यक्षात विल्यम्स आडनावाची पोरं त्या काळात घोड्यावर नव्हती, तोफा ओढणाऱ्यांत होती.

हे वाचून कुणी म्हणेल, घोड्यावर बसल्यानं काय होतं? आपल्या देशात दलित नवरदेवाला वरातीत घोड्यावरून खाली ओढल्याच्या, पोलीस बंदोबस्तात वरात काढल्याच्या बातम्या अजून येतात. तिथल्या लोकांना विचारा.

न्यू जर्सीतल्या नातेवाईकांसाठी खास माहिती. स्पेनच्या राजासाठी केलेली ती पहिली आवृत्ती नेपोलियनचा थोरला भाऊ जोसेफ माद्रिदहून घेऊन निघाला, पुढे परागंदा होऊन अमेरिकेत आला आणि तुमच्या बोर्डनटाउनजवळच्या त्याच्या पॉइंट ब्रीझ इस्टेटीवर ते चित्र टांगलेलं होतं! वंशजांकडून १९४९ मध्ये ते पॅरिसजवळच्या मालमेझाँ वाड्यातल्या संग्रहालयाला मिळालं. २०१९ च्या शेवटी वायलीचं चित्र तिथे पाहुणं गेलं आणि जानेवारी २०२० मध्ये दोघंही ब्रुकलिनला आली, एकाच प्रदर्शनात. आम्ही एप्रिलची तिकिटं काढली होती. मार्चमध्ये न्यू यॉर्कची म्युझियमं बंद झाली. असो.

याच मालिकेचं 'रूमर्स ऑफ वॉर' हे नाव वायलीनं पुढे एका पुतळ्याला दिलं. व्हर्जिनियातल्या रिचमंडला गुलामगिरीसाठी लढलेल्या जेब स्टुअर्ट या सेनापतीचा १९०७ चा अश्वारूढ पुतळा होता. त्याच पोझमध्ये, पण हुडी आणि फाटकी जीन्स घातलेला काळा तरुण त्यानं ब्राँझमध्ये केला. डिसेंबर २०१९ मध्ये तो रिचमंडच्या कला संग्रहालयासमोर उभा राहिला. जुलै २०२० मध्ये स्टुअर्ट खाली उतरला.

आपण मुंबईकरांनी हे काम १९६५ मध्येच उरकलं होतं, जरा वेगळ्या पद्धतीनं. काळ्या घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड आपण घोड्यासकट उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवला. चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं, पन्नासएक वर्षं घोडा नसताना. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला. त्याच्या पाठीवर कुणी नाही.