सलीम अली फलाहारी वटवाघूळ

टेरोपोडिडी कुलातील एक दुर्मीळ वटवाघूळ. शास्त्रीय नाव लॅटिडेन्स सलीमअलाय. लॅटिडेन्स प्रजातीत ही एकच जाती असून ती केवळ दक्षिण-पश्चिम घाटात (तमिळनाडू व केरळ) आढळते. अंगस हटन या मळेवाल्या निसर्गअभ्यासकाने १९४८ मध्ये मेघमलाई डोंगरांत तिचा नमुना मिळविला. तो सायनॉप्टेरस प्रजातीतला समजून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात ठेवला गेला. किट्टी थोंगलोंग्या या थाई प्राणिशास्त्रज्ञाने त्याची फेरतपासणी केली. बाहेर दिसणारी शेपटी नाही आणि वरच्या व खालच्या जबड्यांत पटाशीच्या दातांची एकेकच जोडी आहे, हे त्याच्या लक्षात आले. त्यावरून १९७२ मध्ये त्याने नवी प्रजाती व जाती वर्णिली आणि पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव जातीला दिले.

हे वटवाघूळ सदाहरित डोंगराळ जंगलात राहते. दिवसा ते गुहांत व खडकांच्या कपारींत विसावते, रात्री रुद्राक्षवर्गीय वृक्षांची व इतर रानफळे खाते. जंगलतोड, गुहांमधील मानवी उपद्रव व औषधासाठी होणारी शिकार हे त्याला मुख्य धोके आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त अशी आहे. फलाहारी वटवाघळे दीर्घकाळ कायद्याने उपद्रवी ठरविलेली होती. या जातीला मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे.