नेपाळमधील सामुदायिक वनव्यवस्था

नेपाळमधील राष्ट्रीय वनांचे रक्षण, संवर्धन व उपभोग यांचे अधिकार स्थानिक उपभोक्ता गटांकडे सोपविण्याची पद्धती. जमिनीची मालकी शासनाकडेच राहते. सरपण, वैरण, इमारती लाकूड इ. वनोत्पादनांवर मात्र गटाचा हक्क असतो.

राणा राजवटीत (१८४६–१९५१) वने ही मुख्यतः महसुलाची बाब होती. तराईतील सालवृक्षांचे लाकूड भारतीय रेल्वेमार्गांच्या स्लीपरांसाठी जाई आणि पुष्कळसे वनक्षेत्र बिर्ता (इनाम) म्हणून सत्ताधाऱ्यांच्या आप्तांना व मर्जीतील घराण्यांना दिलेले होते. डोंगरी गावे आपापली राने रूढीनुसार राखीत. खुंबू भागातील शेर्पांमध्ये ‘शिंगी नावा’ हा गावाने नेमलेला वनरक्षक अवैध तोड करणाऱ्यास दंड करी, असे फ्यूरर-हायमेन्डॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने नोंदविले आहे.

१९५७ च्या कायद्याने खाजगी वनांचे राष्ट्रीयीकरण झाले. हेतू बिर्ताधारकांची मिरास मोडण्याचा होता. तथापि वने राखण्यास पुरेसे कर्मचारी शासनाजवळ नव्हते. राने सरकारजमा होतील या धास्तीने ग्रामस्थांनीच ती तोडून त्यांची शेते केली आणि नेपाळच्या वननाशाचे मूळ हेच, असे दीर्घकाळ मानले गेले. हे मत अर्धेच खरे दिसते. सिंधुपाल्चोक व काभ्रेपलाञ्चोक या जिल्ह्यांचा इतिहास तपासून तेजबहादूर महत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ च्या सुमारास दाखवून दिले, की तेथील बरीचशी वने शतकापूर्वीच शेतसारा वाढविण्याच्या राजनीतीमुळे लागवडीखाली आली होती. १९७० नंतरच्या दशकात हिमालयाच्या विनाशाविषयी प्रसृत झालेली भाकितेही कच्च्या आकड्यांवर उभी होती. दरडोई सरपणाच्या निरनिराळ्या अंदाजांत ६७ पटींपर्यंत तफावत असल्याचे टॉम्प्सन व वॉरबर्टन यांना आढळले (१९८५). संकटाचे चित्र अतिरंजित होते. त्यातून निघालेले धोरण मात्र हितकर ठरले, हा योगायोगच म्हणावा लागेल.

महत हे स्वतः वनाधिकारी होते. १९७३ च्या सुमारास त्यांनी सिंधुपाल्चोकमधील ठोकर्पा येथे ग्रामस्थांच्या सहभागाने वनसंवर्धनाचा प्रारंभ केला. १९७८ च्या नियमांनी वने ग्रामपंचायतींकडे देण्याची सोय झाली. परंतु पंचायतीची हद्द आणि प्रत्यक्ष रान वापरणारी माणसे यांचा मेळ बसेना. म्हणून १९८८ च्या बृहत् योजनेत व १९९३ च्या वन अधिनियमात (अंमल १९९५ पासून) उपभोक्ता गट हाच घटक धरण्यात आला. वनाची कार्ययोजना गट तयार करतो व डिव्हिजन वन कार्यालय (पूर्वी जिल्हा वन कार्यालय) तिला मंजुरी देते. चराईबंदी, पातेरा गोळा करण्याचे दिवस, राखणीच्या पाळ्या, दंड ही सर्व गटाच्या सभेत ठरतात. उत्पन्नाचा किमान चौथा हिस्सा वनसंवर्धनावर खर्च करणे बंधनकारक करण्यात आले. पुढे गटांची संख्या २२,००० हून अधिक झाली. १९९४ च्या सुमारास वन व झुडपी रान मिळून देशाच्या सु. ४०% क्षेत्रावर होते. २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण सु. ४५% भरले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने ही तुलना स्थूलमानानेच घ्यावी. शिवाय तरुण परदेशी कामास गेल्यामुळे पडीक राहिलेल्या शेतांतही झाडी वाढली आहे.

वन बंद झाल्याची झळ प्रथम भूमिहीन, दलित व स्त्रिया यांना बसली. कारण ज्यांच्या बांधावर झाडे होती, त्यांचे राखीव रानावाचून अडत नव्हते. २००९ च्या मार्गदर्शक सूत्रांनी कार्यकारी समितीत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. तराईत मौल्यवान सालवने सोडण्यास शासन नाखूष राहिले व वनांपासून दूर दक्षिणेकडे राहणाऱ्या पारंपरिक उपभोक्त्यांचाही प्रश्न होता; तेथे उत्पन्नात शासनाचा वाटा असलेली ‘साझेदारी वन’ ही निराळी पद्धती अवलंबिण्यात आली.